स्कीला वॅक्स करायची इस्त्री: जाड प्लेटचे पैसे कशासाठी मोजायचे?

मिलान-कोर्तिनाच्या 2026 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्तानं स्कीच्या वॅक्सबद्दल बरंच काही कानावर पडलं. फ्लोरिनयुक्त वॅक्सवर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची पूर्ण बंदी 2023-24 च्या हंगामापासून लागू झाली आणि या बंदीखाली झालेलं हे पहिलंच ऑलिंपिक. पण टोरांटो, डेन्व्हर किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी घरात, जिथे मुलं स्कीच्या वर्गाला जाऊ लागली आहेत, तिथे पडणारा प्रश्न याहून साधा असतो. स्कीला वॅक्स इस्त्रीनं करतात हे कळतं, दुकानात वॅक्सची इस्त्री म्हणून वेगळी वस्तू मिळते, तिची किंमत पन्नास डॉलरपासून तीनशेच्याही पुढे जाते, आणि दिसायला तर ती कपड्यांच्या इस्त्रीसारखीच असते. मग फरक कशाचा? घरातली चालणार नाही का?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं खोलात जावं लागतं, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा वॉटचा असतो आणि निवड करताना तोच आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गुलमर्गला किंवा औलीला आठवडाभर जाऊन भाड्याच्या स्की वापरणार असाल, तर इस्त्रीच्या नादी लागू नका. स्की ज्याची, वॅक्स त्यानं करायचं. हा लेख स्वतःची स्की किंवा स्नोबोर्ड असलेल्यांसाठी आहे.

## बेस म्हणजे काय आणि वॅक्स जातं कुठे

स्कीच्या खालच्या, बर्फाला टेकणाऱ्या थराला बेस म्हणतात. तो पॉलिथिलीनचा असतो. ज्याच्या पिशव्या होतात त्याच कुळातलं हे प्लास्टिक, पण याचे रेणू कितीतरी लांब असतात, त्यामुळे ते चिवट असतं आणि लवकर झिजत नाही. बेस दोन तऱ्हेनं बनवतात. स्वस्तातला बेस प्लास्टिक वितळवून साच्यातून दाबून काढलेला असतो, त्याला एक्स्ट्रुडेड म्हणतात. महाग बेससाठी प्लास्टिकची भुकटी उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात आणि त्या ठोकळ्यातून पातळ पट्टी सोलून काढतात, तो सिंटर्ड. सिंटर्ड बेस जास्त वॅक्स पितो आणि म्हणूनच त्याला इस्त्रीची गरजही जास्त.

‘वॅक्स पितो’ असं म्हटलं की बेसमध्ये बारीक बारीक भोकं असतील आणि त्यात वॅक्स भरत असेल, असं वाटतं. तसं नसतं. पॉलिथिलीनचे लांबच लांब रेणू काही ठिकाणी शिस्तीत, घट्ट रचलेले असतात आणि काही ठिकाणी सैल, गुंतलेले. बेस गरम झाला की हे सैल भाग आणखी मोकळे होतात आणि वितळलेलं वॅक्स त्यांच्यात मुरतं. बेस गार झाला की वॅक्स आतच राहतं. नंतर वरचं जादा वॅक्स खरवडून काढतात. अनेकांना वाटतं की आपण वॅक्स लावलं आणि सगळंच्या सगळं खरवडून टाकलं. पण जे काम करतं ते आत मुरलेलं.

वॅक्स मुळात हवंच कशाला, हेही थोडक्यात पाहू. 1939 साली बोडन आणि ह्यूज या दोन संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या बर्फगुहेत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांचं म्हणणं असं, की स्की घसरते ती घर्षणाच्या उष्णतेनं बर्फाचा अगदी पातळ थर वितळून त्याचं पाणी होतं म्हणून. हे पाणी नेमकं हवं तेवढंच असावं लागतं. कडाक्याच्या थंडीत ते पुरेसं होत नाही आणि बर्फाचे टणक, टोकदार कण बेसला खरडतात. तिथे कडक वॅक्स लागतं, कारण मऊ वॅक्समध्ये ते कण रुततात. उलट शून्याच्या आसपास, ओलसर बर्फात पाणी इतकं होतं की स्की खाली चिकटल्यासारखी ओढली जाते. तिथे पाणी झटकणारं मऊ वॅक्स लागतं.

इस्त्रीचा संबंध इथे येतो. मऊ वॅक्स कमी उष्णतेत पसरतं, कडक वॅक्सला जास्त लागते. उबदार दिवसांच्या पिवळ्या वॅक्ससाठी इस्त्री साधारण 110 ते 120 अंश सेल्सियसवर ठेवतात, मधल्या हवामानाच्या वॅक्ससाठी 130 ते 140 आणि कडाक्याच्या थंडीतल्या हिरव्या वॅक्ससाठी 150 किंवा त्याहून थोडं वर. नेमका आकडा प्रत्येक वॅक्सच्या वेष्टनावर छापलेला असतो आणि तोच प्रमाण मानायचा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तो सेल्सियसमध्ये आहे की फॅरनहाइटमध्ये, हेही पाहायचं. 140 अंश सेल्सियस म्हणजे 284 अंश फॅरनहाइट.

## बेस 135 अंशांना वितळतो, मग 140 ची इस्त्री कशी चालते?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. पॉलिथिलीनचा बेस 130 ते 135 अंशांच्या आसपास वितळू लागतो आणि वॅक्सच्या वेष्टनावर मात्र 140 किंवा 150 लिहिलेलं असतं.

इस्त्री 140 अंशांवर असली तरी बेस 140 अंशांवर जात नाही, हे त्याचं उत्तर. एक तर इस्त्री सतत सरकत असते, एका जागी ती क्षणभरच असते. दुसरं म्हणजे इस्त्री आणि बेस यांच्यामध्ये वितळलेल्या वॅक्सचा थर असतो. आणि बेसच्या खाली अख्खी स्की असते, जी उष्णता ओढून घेत राहते. त्यामुळे बेस वॅक्स मुरण्यापुरता तापतो आणि वितळण्यापासून बराच लांब राहतो.

पण या तिन्हींतली एक गोष्ट जरी बिघडली, तरी हिशेब कोलमडतो. इस्त्री एका जागी थांबली, किंवा कोरड्या बेसवर फिरली, किंवा 140 समजून आपण 175 ची इस्त्री फिरवली, तर बेसचा वरचा थर वितळून बंद होतो. तो भाग गुळगुळीत, चकचकीत दिसतो. नवख्याला वाटतं छान पॉलिश झालं. प्रत्यक्षात त्या जागी यापुढे वॅक्स नीट मुरत नाही आणि तो थर दुकानात यंत्रावर घासून काढावा लागतो. उष्णता आणखी आत गेली तर स्कीचे थर एकमेकांना जोडणारा डिंकही सैल पडू शकतो, मग मात्र स्कीच गेली.

म्हणजे इस्त्रीकडून आपल्याला हवं ते एवढंच: 140 वर ठेवली तर ती 140 च्या आसपास राहावी. ऐकायला सोपं वाटतं, पण पैसे मोजायचे ते नेमके याचेच.

## जाड प्लेट काय करते

ज्यांनी पातळ तव्यावर घावन घातले आहेत त्यांना हे अनुभवानं माहीत असतं. पातळ तवा लगेच तापतो, पण गार पीठ पडलं की तितकाच लगेच निवतो. मग गॅस मोठा करावा लागतो आणि पुढचा घावन करपतो. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की पहिल्या घावनापासून शेवटच्यापर्यंत सारखा चालतो. त्याच्या जाडीत उष्णतेचा साठा असतो. वॅक्सच्या इस्त्रीची जाड प्लेट अगदी हेच काम करते, आणि इथे तर ते आकड्यात मांडता येतं.

समजा इस्त्रीची प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, 15 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद आहे. ती 4 मिलिमीटर जाड असेल तर तिचं वजन साधारण 160 ग्रॅम भरतं आणि ती एक अंशानं तापवायला जवळजवळ 146 ज्यूल लागतात. (ज्यूल म्हणजे उष्णता मोजायचं एकक. एका सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॉट.) तीच प्लेट 20 मिलिमीटर जाड केली तर वजन 810 ग्रॅम होतं आणि एका अंशाला 730 ज्यूल लागतात.

आता गॅरेजमधल्या गार स्कीवर इस्त्री टेकवली आणि स्कीनं बघता बघता 1500 ज्यूल ओढून घेतले असं धरू. पातळ प्लेट दहा अंशांनी उतरेल. जाड प्लेट दोनच अंशांनी.

खरी गंमत याच्या पुढे आहे. इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो, म्हणजे तापमान पाहून वीज चालू-बंद करणारा भाग. साध्या इस्त्रीत तो दोन वेगवेगळ्या धातूंच्या चिकटवलेल्या पट्टीचा असतो. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि जोड सुटून वीज बंद होते. कपड्यांच्या इस्त्रीतून अधूनमधून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो, तो याचाच. ही पट्टी स्वतः तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे ती नेहमी थोडी उशिरा जागी होते. समजा हा उशीर चार सेकंदांचा आहे आणि इस्त्री 800 वॉटची. पातळ प्लेट सेकंदाला साडेपाच अंशांनी तापते, म्हणजे चार सेकंदांत ती ठरलेल्या तापमानाच्या बावीस अंश वर जाऊन बसते. जाड प्लेट सेकंदाला जेमतेम एका अंशानं तापते, ती चार-पाच अंशच पुढे जाते.

थर्मोस्टॅट तोच, वॉट तेवढेच, फक्त धातूची जाडी वेगळी. एक इस्त्री 140 वर लावल्यावर 130 ते 162 अशी हेलकावत राहते, दुसरी 138 ते 145 मध्ये. आकडे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत. खऱ्या इस्त्रीत उष्णता हवेतही जाते आणि रचनाही वेगळी असते. पण प्रमाण साधारण असंच राहतं.

वॉट वाढवून पातळ प्लेटची उणीव भरून निघेल असं वाटत असेल, तर वरचाच हिशेब 1200 वॉटला करून पाहा. त्याच चार सेकंदांत पातळ प्लेट तेहेतीस अंश पुढे जाते. वॉट म्हणजे इस्त्री किती तापते हे नव्हे, किती भराभर तापते हे. पातळ प्लेटला जास्त वॉट जोडले की हेलकावे वाढतात. जाड प्लेटला मात्र ते उपयोगी पडतात, कारण स्कीनं ओढलेली उष्णता भरून काढायला जोर मिळतो.

जाडीची किंमतही आहे. 20 मिलिमीटरची ती प्लेट 20 अंशांवरून 140 वर न्यायला 800 वॉटला दोन मिनिटांच्या आसपास लागतात, पातळ प्लेटला पाव-अर्धं मिनिट पुरतं. शिवाय हातात किलोभर वजन येतं. पण वॅक्स करताना इस्त्री दाबायची नसते, तिच्या वजनानंच ती सरकू द्यायची असते. म्हणून हे वजन मला कधी अडचणीचं वाटलेलं नाही.

दुकानात गेलात तर पहिल्यांदा इस्त्री उलटी करून प्लेटची जाडी बघा. ऑनलाइन घेत असाल तर वर्णनात प्लेटची जाडी मिलिमीटरमध्ये दिली आहे का ते पाहा. बनवणाऱ्यानं प्लेट खरोखर जाड दिली असेल तर तो ते सहसा लपवत नाही.

## कपड्यांची इस्त्री अजिबात चालत नाही का?

वाफेची इस्त्री वापरू नका. तिच्या तळाला भोकं असतात, त्यात वॅक्स शिरतं आणि आत बसून जळत राहतं. भोकांच्या आजूबाजूला उष्णताही एकसारखी नसते. आणि जी इस्त्री एकदा वॅक्सला वापरली ती परत कपड्यांवर फिरवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडच्या घरांतली बिनवाफेची साधी इस्त्री मात्र त्या मानानं बरी. तळ सपाट असतो, भोकं नसतात. तिची अडचण तापमानाची. तिच्या चकतीवर अंश लिहिलेले नसतात, सुती, रेशमी, नायलॉन असं लिहिलेलं असतं किंवा ठिपके असतात. कपड्यांच्या लेबलवरच्या ठिपक्यांचा अर्थ ठरलेला आहे: एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 अंशांच्या आसपास, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. एक आणि दोनच्या मधला जो चिंचोळा पट्टा आहे, त्यातच वॅक्सचं बहुतेक काम चालतं. सुती कपड्याला वीस-तीस अंश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, म्हणून ही इस्त्री बनवणाऱ्यानं तेवढ्या नेमकेपणाची काळजी घेतलेलीच नसते. त्यात त्याची चूक नाही.

तरीही, जुनी साधी इस्त्री पडून आहे, स्की पोराची आणि साध्या बेसची आहे, वॅक्स मऊ किंवा सर्व हवामानांचं आहे, तर तिच्यावर सुरुवात करायला माझी हरकत नाही. चकती अगदी खालून सुरू करायची आणि वॅक्सची वडी प्लेटला टेकवून पाहत पाहत ती वर न्यायची. वॅक्स सहज वितळून थेंब पडू लागले की थांबायचं. धूर दिसला की तापमान जास्त झालं. हिरव्या, थंडीतल्या वॅक्ससाठी मात्र ही इस्त्री हातात घेऊ नका. तिथे बेस जळायला फारसं अंतर उरलेलं नसतं आणि वीस अंशांचा एक हेलकावा ते अंतर खाऊन टाकतो.

## डिजिटल इस्त्रीचे दुप्पट पैसे द्यावेत का?

डिजिटल इस्त्रीत धातूच्या पट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो. तो तापमान सतत मोजत राहतो आणि ठरलेला आकडा जवळ आला की वीज तुकड्या-तुकड्यानं सोडतो, त्यामुळे तापमान पुढे उडी मारत नाही. चांगल्या डिजिटल इस्त्रीत फरक दोन-चार अंशांवर येतो. शिवाय चकतीऐवजी आकडा दिसतो, म्हणजे 140 म्हणजे 140.

कोणाला घ्यावी? जो कडाक्याच्या थंडीत स्की करतो आणि कडक वॅक्स वापरतो, ज्याच्या मुलांना शर्यतीत उतरायचं आहे, किंवा ज्याच्या घरात चार-पाच स्कींचं काम आठवड्याला असतं, त्यानं घ्यावी. क्रॉस-कंट्री स्की करणाऱ्यानंही विचार करावा, कारण त्या स्की फार अरुंद आणि पातळ असतात, तिथे जादा उष्णता जायला जागाच नसते.

बाकीच्यांना जाड प्लेटची, अंश लिहिलेल्या चकतीची साधी वॅक्सची इस्त्री पुरते. स्विक्स, टोको यांसारख्या जुन्या नावांच्या साध्या इस्त्र्या साधारण शंभर डॉलरच्या आत येतात, डिजिटल दीडशेच्या पुढे जातात. माझा सल्ला असा, की पैसे मर्यादित असतील तर पातळ प्लेटच्या डिजिटल इस्त्रीपेक्षा जाड प्लेटची साधी इस्त्री घ्या. पडद्यावर 140 दिसतं ते संवेदक जिथे बसवला आहे तिथलं. प्लेटच्या टोकाला, जिथे ती गार स्कीला टेकते, तिथे काय चाललंय हे पातळ प्लेटमध्ये त्याला कळत नाही.

## स्नोबोर्डला वेगळी लागते का?

नाही. स्नोबोर्ड मध्यावर पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो, स्की सात ते अकरा. त्यामुळे बोर्डवर दोन-तीन पट्ट्यांमध्ये फिरावं लागतं आणि मोठ्या प्लेटनं काम लवकर उरकतं, एवढंच. बोर्डच्या बाबतीत एक काळजी जास्त घ्यायची: बाइंडिंगचे, म्हणजे बूट अडकवायच्या पकडीचे, स्क्रू काढून किंवा निदान सैल करून मग वॅक्स करा. घट्ट स्क्रूच्या जागी बेस आत ओढलेला असतो आणि तिथे उष्णताही वेगळी पसरते.

## भारतातून नेलेली किंवा परदेशातून आणलेली इस्त्री

आपल्या लोकांची ये-जा दोन्हीकडे चालू असते, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. भारतात आणि युरोपात विजेचा दाब 230 व्होल्ट असतो, अमेरिका-कॅनडात 120 आणि जपानमध्ये 100. फोनचा चार्जर कुठेही चालतो, कारण त्यावर 100 ते 240 असं लिहिलेलं असतं. त्यामुळे पिनचा अडॅप्टर लावला की झालं, अशी सवय लागते. इस्त्रीच्या बाबतीत ही सवय धोक्याची आहे. अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही.

इस्त्रीसारख्या तापणाऱ्या उपकरणात वॉट व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. डेन्व्हरमध्ये घेतलेली 120 व्होल्टची 800 वॉटची इस्त्री गुलमर्गच्या हॉटेलात 230 व्होल्टला जोडली, तर ती क्षणात 2900 वॉट ओढू पाहील. फ्यूज उडाला तर नशीब. नाहीतर आतली तार किंवा थर्मोस्टॅट जळेल, कदाचित आगही लागेल. उलट भारतातली 230 ची 800 वॉटची इस्त्री टोरांटोत लावली तर तिला 220 वॉटच मिळतील. काही जळणार नाही, पण स्कीला टेकल्यावर तिचा जीव पुरणार नाही. व्होल्ट बदलणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण 800 वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर इस्त्रीपेक्षा जड असतो आणि सामानात तो नेण्यात काही अर्थ नाही. जिथे स्की करणार, तिथल्या व्होल्टची इस्त्री घ्यावी.

डोंगरातल्या गावांमध्ये हिवाळ्यात दाब कमी मिळतो, त्याचाही हिशेब असाच. 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर इस्त्रीचा जोर 61 टक्क्यांवर येतो. थर्मोस्टॅट तापमान सांभाळेल, पण तापायला वेळ लागेल आणि पातळ प्लेट दर फेरीला मागे पडत जाईल. इथेही जाड प्लेटच कामी येते.

## इस्त्री बरोबर तापली आहे हे ओळखायचं कसं

लांबून रोखून तापमान दाखवणारी बंदुकीसारखी थर्मामीटर हल्ली बऱ्याच घरांत असते. ती इस्त्रीच्या चकचकीत प्लेटवर वापरू नका. चकाकणारा धातू स्वतः फार कमी उष्णता-किरण सोडतो, त्यामुळे हे थर्मामीटर खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतं. 140 ची प्लेट त्याला शंभराच्याही खाली वाटू शकते. आपण चकती वर नेतो आणि बेस जाळतो. मोजायचंच असेल तर मल्टिमीटरला जोडायची तापमानाची तार मिळते, तिचं टोक प्लेटला टेकवून मोजा.

पण खरी खूण वॅक्सच देतं. बेस वर करून स्की आडवी ठेवा. वडी इस्त्रीला टेकवा, थेंब टिपटिप बेसवर पडू द्या, मग इस्त्री टेकवून पुढच्या टोकाकडून शेपटीकडे एका संथ गतीनं न्या. इस्त्रीच्या मागे वितळलेल्या वॅक्सची ओली, चमकती शेपूट दिसते आणि तिच्या मागचं वॅक्स गोठून मंद होत येतं. ही ओली शेपूट पाच ते दहा सेंटिमीटर असावी. इस्त्री उचलताच वॅक्स गोठत असेल तर उष्णता आत जातच नाहीये, थोडं वाढवा किंवा सावकाश फिरवा. अर्धी स्की ओलीच राहत असेल तर वेग वाढवा किंवा चकती खाली आणा. एक फेरी झाली की स्कीच्या खालच्या अंगाला, म्हणजे एरवी जी वरची बाजू असते तिथे, हात लावून पाहा. कोमट लागायला हवी, गरम नाही. पुढच्या फेरीआधी तिला निवू द्या.

कोरड्या बेसवर इस्त्री कधीच टेकवू नका. पुढे वॅक्सचे थेंब कमी पडले असतील तर थांबून आणखी थेंब पाडा. या एका चुकीनं जितके बेस खराब होतात तितके महागड्या वॅक्सनं सुधारत नसतील.

वॅक्स मुरल्यावर स्की खोलीच्या तापमानाला निदान अर्धा तास निवू द्यायची आणि मग खरवडायची. थंडीत बाहेर ठेवून घाई करू नये. बेस आकसतो आणि आत गेलेलं वॅक्स बाहेर ढकलतो.

## धुराचं काय, आणि जुनी इस्त्री घ्यावी का?

तापमान बरोबर असेल तर धूर निघत नाही. तरी वॅक्सची वाफ असतेच, म्हणून खिडकी उघडी ठेवून किंवा गॅरेजचं दार वर करून काम करा. बुखारी किंवा दुसरी कुठली उघडी आग असलेल्या खोलीत वॅक्स करू नका.

फ्लोरिनच्या वॅक्सची गोष्ट याहून गंभीर आहे. ही रसायनं निसर्गात जवळजवळ विघटन न होता राहतात. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये स्की तयार करणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा या कुळातली रसायनं सामान्य माणसांपेक्षा कितीतरी जास्त आढळली. ती माणसं वर्षानुवर्षं तापलेल्या इस्त्रीवर वाकून श्वास घेत होती. बंदीमागे शर्यतीतल्या न्यायाइतकंच हेही कारण आहे आणि मला ती बंदी पूर्णपणे पटते.

इस्त्री निवडताना याचा संबंध येतो तो जुन्या इस्त्रीपाशी. जुन्या बाजारात चांगल्या जाड प्लेटच्या इस्त्र्या अर्ध्या किमतीत मिळतात आणि प्लेटसारखी वस्तू काही झिजत नाही, त्यामुळे हा सौदा एरवी उत्तम. पण ती इस्त्री पूर्वी फ्लोरिनच्या वॅक्सला वापरलेली असेल तर प्लेटवर अंश राहू शकतात आणि ते तुमच्या बेसवर उतरतात. शर्यतीतली तपासणी फार बारीक असते. ऑक्टोबर 2023 मध्ये, बंदीच्या पहिल्याच हंगामात, ऑस्ट्रियातल्या सोल्डनच्या शर्यतीत नॉर्वेच्या राग्नहिल्ड मोविंकेलची स्की फ्लोरिनच्या चाचणीत अडकली आणि तिला बाद केलं गेलं. म्हणून शर्यतीत उतरणाऱ्या मुलासाठी जुनी इस्त्री घेऊ नका, पूर्वीच्या मालकानं काहीही सांगितलं तरी. हौशी माणसानं घ्यावी, पण आधी विचारून घ्यावं, आणि प्लेट तापवून त्यावर साधं वॅक्स वितळवून कागदानं पुसण्याचं काम चार-सहा वेळा करावं. प्लेटला सँडपेपर लावू नका, चरे पडले की तेच बेसवर उमटतात. वायर कुठे कडक झाली आहे का, चकती शून्यावर आणली की दिवा खरंच बंद होतो का, हे दोन्ही विकत घेण्यापूर्वी तिथेच प्लग लावून पाहा.